लेकीचा दिवा

टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात हयात गेलेल्या तारवाल्यांचा बिनतारी गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण दिवा लेकीने पाठवलेला. ती दूरदेशी प्रयोगशाळेत चमकणारी भुकटी बनवायची. त्या भुकटीचा लेप दिलेला हा दिवा डोळ्यांना कळणार नाही इतका भराभर लुकलुकायचा आणि त्या उजेडातूनच बोलणं, चित्र सगळं टेबलावरच्या टॅबमध्ये उतरायचं.

तीन वर्षं लेक घरी आली नव्हती. फोनवर तिचा चेहरा ठिगळाठिगळांचा दिसे. आज ती अख्खी दिसणार, म्हणून तारवाल्यांनी सकाळीच घोटून दाढी केली होती.

चार वाजता टॅबवर लेक आली. गालावरची खळीसुद्धा स्वच्छ!

"किती वाळलीस गं!" म्हणत बायको पुढे वाकली आणि लेक गायब.

"आई, सावली!" परत उगवल्यावर लेक ओरडली. "टॅबवर सावली पडली की संपलं!"

बायको आणखी मागे सरली, तर तारवाल्यांच्या थोरल्या बहिणीने चष्मा सावरत डोकं घातलं. लेक गायब. तिला हटवायला तारवाले उठले, तर पुन्हा गायब.

"माझंच डोकं जड झालंय ना? जाते मी आत!" बहीण फणकारली आणि जाता जाता सवयीने दिव्याचं बटण बंद करून गेली.

"ताई!" तारवाल्यांनी झडप घालून दिवा लावला. "आता सगळे उजेडातून बाहेर! कुणी हलायचं नाही!"

बायको कपाटाआड, परत आलेली बहीण सोफ्यामागे, ते स्वतः दाराशी.

"बाबा, चित्र एकदम झकास!" लेकीचा आवाज खणखणीत आला. "पण तुम्ही आहात कुठे? मला नुसती खुर्ची दिसतेय."

तारवाल्यांनी कपाळावर हात मारला. "येतो समोर. तुटलं तर तुटू दे!"

"नको, थांबा." लेक आणखी जवळ वाकली. "माझी खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे?"

"मग कुठे जाणार?"

"बाबा, तुम्ही तुमची कामं करा ना. मी बसते इथे जराशी."

मग बायको कपाटाआडच वाटाणे सोलू लागली. बहीण सोफ्यामागून मोठ्याने पेपर वाचू लागली, तारवाले दारातूनच तिच्या चुका काढू लागले. आणि लेक त्या रिकाम्या खोलीत साडेपाचपर्यंत बसून राहिली.