हळदीची डिस्क, कुंकवाची डिस्क

एका जंगलात एक संगणक होता. जंगलात संगणक कुठून आला असं विचारू नका, मुलांनो. गोष्टीतला कावळा मराठीत बोलतो तेव्हा त्याला ते कोणी शिकवलं असं तुम्ही कधी विचारलंय का? मग गप्प बसून ऐका.

त्या जंगलात पाणवठा एकच होता. सगळे एकदम आले की चेंगराचेंगरी व्हायची, आणि चेंगराचेंगरीत वाघाचं आयतं पोट भरायचं. म्हणून पाणवठा समितीने प्रत्येकाला पाण्याची वेळ नेमून दिली आणि ती यादी संगणकात ठेवली. संगणकात जी वेळ तीच खरी. भलत्या वेळी पाण्याला तोंड लावणारा वर्षभर हद्दपार.

संगणक सांभाळायला भिकाजी खवले होते. खवले म्हणजे खवल्या मांजर. हुशार, कामसू, सरळ. खोड एकच. कोणी आवाज चढवला की ते अंगाचं वेटोळं करून बसायचे.

यादी हरवू नये म्हणून खवल्यांनी संगणकात दोन डिस्क बसवल्या होत्या. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप उमटायचं. एक बिघडली तर दुसरी आहेच. समितीला हे फार आवडलं. यासाठी लागणारं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे कळल्यावर तर एकमताने आवडलं. दसऱ्याला संगणकाची पूजा झाली, तेव्हा खवल्यांनी एका डिस्कला हळद लावली, दुसरीला कुंकू. तेव्हापासून हळदीची ती पहिली आणि कुंकवाची ती दुसरी, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

संगणकाच्या डोक्यात तसं काही नव्हतं. तो सुरू होताना जी डिस्क आधी ओ देईल ती पहिली. आज हळदीची, उद्या कुंकवाची.

मार्गशीर्षात कुंकवाच्या डिस्कने लिहून घेणं बंद केलं. संगणक नुसत्या हळदीच्या डिस्कवर लिहीत राहिला. रोज सकाळी तो तक्रारीचं पत्रही पाठवायचा. पत्र ज्या पेटीत पडायचं, ती उघडण्याचं काम समितीने कोणालाच दिलेलं नव्हतं. न दिलेलं काम करण्याइतके खवलेही भाबडे नव्हते.

चैत्रात एकदा त्यांनी सहज पेटी उघडली. शंभरावर पत्रं! सगळ्यांत एकच ओळ: एक डिस्क मागे पडली आहे. कोणती, असं विचारल्यावर पडद्यावर उत्तर आलं, पहिली. खवल्यांनी संगणक बंद केला, हळदीची डिस्क काढून खणात टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला.

त्या दिवशी पहिली कुंकवाची होती.

संगणक ठणठणीत सुरू झाला. फक्त मार्गशीर्षानंतरचं त्याला काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीबाई चितळीण धापा टाकत आली. "खवलेभाऊजी, आमची वेळ आठची. रखवालदार म्हणतो, तुमची दुपारी चारची."

खवल्यांनी पडद्यावर पाहिलं. दुपारी चार, चितळ. खालच्याच ओळीत, दुपारी चार, वाघ. ही तर जुनी यादी! समितीच्या याच घोळापायी पौषात ठिपकीबाईची थोरली लेक गेली होती आणि मग चितळांची वेळ बदलली होती.

"दोन दिवस कळ काढता का, बाई?"

"मी काढीन हो. धाकटं अंगावर पितंय. मला पाणी नाही तर त्याला दूध कुठून यायचं?"

खवले तडक समितीसमोर गेले. सचिव होते तरसेसाहेब. ते तरस होते. पाहुण्यांच्या खुर्चीत वाघसाहेब बसले होते. खवल्यांनी सगळं कबूल केलं. चूक माझी, खरी यादी खणातल्या डिस्कवर आहे, असं स्वच्छ सांगितलं.

"लावून दाखवा," तरसेसाहेब म्हणाले.

खवल्यांनी कुंकवाची डिस्क काढली, हळदीची लावली. पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक रेघ नुसती लुकलुकत होती.

तेव्हा खवल्यांना आठवलं. त्यांनी यादी दोन्ही डिस्कवर ठेवली होती, पण संगणकाला जागं कसं करायचं ते मात्र एकाच डिस्कवर लिहिलं होतं. कुंकवाच्या. हळदीच्या डिस्कला सगळं ठाऊक होतं, पण तिला उठता येत नव्हतं.

"ही तर उठतसुद्धा नाही," तरसेसाहेब म्हणाले. "आणि हिची साक्ष आम्ही काढायची?"

"उठवता येते, साहेब. तेवढ्या सूचना हिच्यावर लिहायच्या. अर्धा दिवस द्या."

"अर्धा दिवस यादी बंद? लोक काय म्हणतील?"

"मला तर चालू यादीत काही खोट दिसत नाही," वाघसाहेब सौम्यपणे म्हणाले.

"झालं तर! खवले, कुंकवाची लावा, शेजारी हळदीची लावा, दोन्ही सारख्या करा. वादच मिटला."

"साहेब, आता सारख्या केल्या तर चालू डिस्कवरचं दुसरीवर उतरेल. खरी यादी पुसली जाईल."

"खवले!" तरसेसाहेबांनी आवाज चढवला.

खवल्यांचं वेटोळं झालं. वेटोळ्यातून एक पंजा बाहेर आला. त्याने डिस्क लावल्या आणि कळ दाबली.

पडद्यावर आकडा चढू लागला. दहा टक्के. वीस टक्के. थांबवायला एक कळ पुरेशी होती. तिसावर दारातून ठिपकीबाईने विचारलं, "होतंय ना, भाऊजी?"

"होतंय," वेटोळं म्हणालं.

सत्तर. नव्वद. खवल्यांना आतल्या आत रडू फुटलं, पण पंजा काही हलला नाही. शंभर. पडद्यावर आलं: दोन्ही डिस्क निरोगी, फरक शून्य. समितीने टाळ्या वाजवल्या आणि खवल्यांना शाल-श्रीफळ दिलं.

दुपारी चारला ठिपकीबाई नेमल्या वेळी पाण्यावर गेली. वाघसाहेबही नेमल्या वेळी आले. नियमभंग कोणाकडूनच झाला नाही.

ऊन कलल्यावर एक पाडस संगणकाच्या खोलीशी आलं आणि आई कुठे आहे म्हणून विचारू लागलं. खवल्यांनी यादी उघडली. ठिपकीबाईचं नाव जागच्या जागी होतं, दोन्ही डिस्कवर, अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी ते पाडसाला वाचून दाखवलं.

तात्पर्य: लवकर उठणाऱ्याला ज्ञान मिळतं, असं तुम्हाला घरी सांगतात. ते तितकंसं खरं नाही, मुलांनो. जो उठून उभा राहतो, त्याला ज्ञानाची गरजच उरत नाही. ज्यांना ज्ञान आहे, त्यांनी आपली पाटी पुसून त्याच्यासारखी लिहून घ्यावी, म्हणजे शाल मिळते.