गफूरभाईंची बेगम आणि माझा काढा

शेजारच्या गफूरभाईंना मी पावसाळाभर रोज सकाळी गुळवेलीचा काढा नेऊन दिला, आणि मोठं पुण्य जोडतेय या समजुतीत फुगत गेले. आता नातींना अक्कल शिकवताना ही गोष्ट मी गाळते. तुम्हाला सांगते.

गफूरभाईंचं आमच्या धामणगाव बढ्यात बियाण्याचं दुकान. माणूस कायम पोटाच्या उजव्या अंगावर हात ठेवून बोलायचा. एसटी खड्ड्यात आदळली की म्हणायचा, "बेगम, सांभाळ." शेजारचा प्रवासी दचकून सरकून बसायचा. बेगम म्हणजे किडनी. बायकोनं, जुबेदानं, त्यांना आपली एक दिली आणि पुढे कापूस वेचताना साप चावून ती गेली. जुबेदा माझी मैत्रीण.

दुसरं खूळ कपाशीचं. बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची पुडी यायची, शेताच्या कडेला अळीच्या वाट्याची म्हणून लावायला. सारा गाव ती फेकायचा. गफूरभाई त्या गोळा करून अंगणात लावायचे. "अळीनं काय हवा खाऊन राहावं काय बे?"

आणि वेळ न चुकवता एक गोळी. ती कशाची, हे गिऱ्हाइकालाही समजवायचे. "आंगात राखनदार असतात. परकं कोनी ओळखलं का त्यायच्यातलं एक प्रथिन शिट्टी मारते, मंग सारे धावून येतात. हे गोळी त्या शिट्टीत कापसाचा बोळा घालते. बेगम परकी हाय, हे बोंबलताच येत नाही त्यायले."

इतकं ऐकून माझ्या डोक्यात काय शिरावं? बिचाऱ्याचे राखणदार अशक्त, म्हणून बारा महिने सर्दी! तेव्हा मी गावची बिनपदवीची डॉक्टरीण. लागले राखणदारांना ताकद द्यायला. काढा ठेवायचा, ओसरीवर टेकायचं, जुबेदाच्या गोष्टी निघायच्या, कालचा रिकामा गडवा घेऊन परतायचं. त्या साली त्यांच्या कपाशीवर अळी फिरकली नाही. मी विचारलं तर चेहरा न हलवता म्हणाले, झाडं कडू झाली असतील.

मग गुडघा दाखवायला खामगावला गेले आणि डॉक्टरांपुढे गफूरभाईंची किडनी, गोळी सांगून काढ्याची बढाई मारली. त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, बाई, गोळी ज्यांना गप्प बसवते त्यांनाच तुम्ही चेतवताय, किडनी जाईल.

जुबेदाचं या जगात तेवढंच उरलं होतं. परतीच्या एसटीत मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना नवस बोलले, पीरबाबाला चादरही.

उतरले ती थेट त्यांच्या ओसरीवर, आणि रडत सगळं सांगितलं. गफूरभाईंनी आधी तपासणीचा ताजा कागद दाखवला: बेगम ठणठणीत. मग अंगणातल्या कपाशीकडे बोट केलं. पहिल्या दिवसापासून काढा तिकडेच जात होता.

माझा जीव त्या रिकाम्या गडव्यात पडला. आणि पडल्याबरोबर तापला. इतके दिवस मला चुलीपुढे धूर खायला लावला, तोंडानं सांगायला काय झालं होतं?

त्यांनी पोटावर हात ठेवला.

"सांगतलं असतं तं तुमी रोज आल्या नसत्या, भाभी. अन् बेगम तुमचा आवाज वळखते."