दारोदार दृष्टी

महिन्याभरात चेन्नईतला एकही माणूस दाराकडे पाठ करून बसणार नाही, असं कुशलने जाहीर करून टाकलं होतं! हे त्याने वेलचेरीच्या आपल्या दोन खोल्यांत, उपमा खाता खाता, फक्त बायकोसमोर जाहीर केलं होतं, ही गोष्ट वेगळी.

"सगळं शहर टरकणार, देविका!"

"आधी मला टरकवून दाखव," देविका डबा बंद करत म्हणाली. ती मोटारींच्या कारखान्यात माल तपासायची. कशालाही पटकन पास करायची तिला सवय नव्हती.

कुशल मूळचा सांगलीचा. आठ वर्षं आयटीत घासल्यावर त्याने नोकरी सोडली होती आणि एकट्याने भुताचा एक व्हिडिओ गेम रचला होता. जुना बंगला, बावीस दारं, आणि कुठल्याही दाराच्या चौकटीवरून अचानक खाली वाकणारी भुतीण! सुपाएवढं तोंड, खोबणीतून बाहेर आलेले डोळे, हातभर जीभ. तिने तुम्हाला पाहिलं की खेळ खलास. सगळा मामला नजरेचा, म्हणून नावही झोकात ठेवलं होतं: 'दृष्टी'!

देविकाची अट साधी होती. "एक वर्ष घे. तेवढ्यात हजार लोकांनी विशलिस्टचं बटण दाबलं, म्हणजे 'गेम आला की आम्हाला कळवा' असं म्हटलं, तर तू गेमवाला. नाहीतर मुकाट्याने आयटीवाला." वर्ष संपायला तीन आठवडे उरले होते. आकडा एक्केचाळीसवर अडला होता आणि त्यातली अकरा माणसं सांगलीची होती. जुनी कंपनी तर वर्ष संपल्यावर येणाऱ्या सोमवारी त्याला परत घ्यायला तयारच होती.

पण कुशलकडे हुकमाचा एक्का होता: भुतिणीचा आवाज. तो होता घरमालकीण विद्यालक्ष्मी मामींचा. मामी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि मध्येमध्ये तमिळ. माईकसमोर उभं राहून त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकच वाक्य म्हटलं, "मीं तुला पाहिलें रे!"

कुशलच्या अंगावर सर्रकन काटा आला! आपला गृहपाठ राहिलाय, असं त्याला छत्तिसाव्या वर्षी वाटून गेलं.

पोस्टरसाठी काढलेला चेहरा दाखवला, तेव्हा मामी दोन्ही हात गालांवर ठेवून बघतच राहिल्या. "अय्यो! केवढें छान केलंस! आणि नांवहि तेंच? हें अस्क्यांच्या घरीं होणें पा! दर घरीं!"

अस्के म्हणजे सगळे आणि होणें म्हणजे हवं, एवढं कुशलला एव्हाना कळायला लागलं होतं. सगळ्यांच्या घरी हवं! तो हवेत तरंगतच गुरुराजच्या छापखान्यात पोचला. गुरुराज थोडं तमिळ, थोडं इंग्रजी आणि उरलेलं हातांनी बोलायचा.

"नाव काय घालू, सार?"

"दृष्टी. मोठ्या अक्षरात. तमिळमध्ये."

"तिरुष्टि?"

"हां हां, तेच!" तमिळमध्ये तसं म्हणत असतील, असं समजून कुशलने मान डोलावली.

गुरुराजने चित्र दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "सार! काय पॉवर!" कलेची एवढी कदर करणारा छापखानेवाला कुशलने जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचशे पोस्टरं तयार! प्रत्येकाला वर भोक आणि भोकात काळा दोरा! "दोरा फ्री," गुरुराज म्हणाला. सांगलीत अशी सेवा कुठे मिळते?

कुशलने स्टेशनाबाहेर, शेअर ऑटोच्या थांब्यांवर, बाजारात, जागा दिसेल तिथे पोस्टरं लावली. सकाळी लावलेली संध्याकाळपर्यंत गायब! पुन्हा लावली. पुन्हा गायब!

"चाहते चोरून नेतायत!" तो नाचायचाच बाकी राहिला. "मोठमोठ्या गेमचं असंच होतं!"

"आणि बटण?" देविकाने विचारलं.

बटण चव्वेचाळीसवर होतं. लोक आधी घाबरतील, सावरतील, मग दाबतील, असं त्याचं गणित होतं.

हे गणित कनकाच्या चहाच्या टपरीवर कोसळलं. स्टोव्हच्या बरोबर वर त्याची भुतीण लटकत होती! खालचा सगळा मजकूर, गेमची माहिती, स्कॅन करायचा चौकोन, सगळं कात्रीने सुबक कापून टाकलेलं. जिभेच्या टोकाशी लिंबू आणि मिरच्या!

"अक्का, हे काय?"

"तिरुष्टि," कनका ग्लासात चहा ओतत तुटक हिंदीत म्हणाली. "कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून टांगतात. नवीन आलीय. जुनीला दात नव्हते. ही लावली आणि माझं दूध नासायचं थांबलं!"

कुशलने आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या शहरात नवीन घर बांधलं, दुकान उघडलं की दारावर असा राक्षसाचा चेहरा टांगतात. इतकी वर्षं तो अशा शेकडो चेहऱ्यांखालून गेला होता आणि त्याने एकदाही मान वर केली नव्हती! सांगलीत दृष्टी म्हणजे नजर. इथे दृष्टी म्हणजे वाईट नजर, आणि तिच्यावरचा उताराही तोच. आणि त्याने तो भोक पाडून, दोरा ओवून, फुकट वाटला होता!

तो धावत सुटला. किराणा दुकानावर ती. सलूनवर ती. शेअर ऑटोच्या पाठीवर ती, पाण्याच्या टँकरवर ती! आणि कोपऱ्यावर वळला तो जागीच थिजला. चौदा मजल्यांच्या अर्धवट इमारतीवर ती फडकत होती, तीन मजले उंच, ताडपत्रीवर छापलेली. वारा आला की डोळे फिरल्यासारखे वाटत. खाली गवंडी, सुतार, सिमेंटवाल्या बाया, सगळे कामाला हात लावण्याआधी एकदा वर बघून घेत होते. कुशलची मान दुखायला लागली, पण खाली होईना. खरकटी बशी बाजूला सारून टेबलाच्या कोपऱ्यात काढलेलं चित्र ते! त्याने भूत केलं होतं आणि शहराने त्याचा राखणदार करून टाकला होता. संताप यायला हवा होता. पण छाती भरून आली होती.

"आमच्या कारखान्याच्या गेटवरपण आहे," देविका घरी आल्यावर हळूच म्हणाली. "मी चार वेळा तपासली. कुठे खोट नाही रे." तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच! पण बटण सत्तेचाळीसवर होतं.

शेवटची आशा म्हणजे तांबरमच्या एका कॉलेजातलं गेम्सचं प्रदर्शन. रविवार, मुदतीचा शेवटचा दिवस. कुशलच्या टेबलापुढे ही रांग लागली! ओळखीचा चेहरा बघून लोक आपणहून येत होते. पहिला नंबर हरिणी नावाच्या कॉलेजकन्येचा. तिने हेडफोन चढवले. बंगल्याचं दार करकरलं. भुतीण चौकटीवरून वाकली. "मीं तुला पाहिलें रे!"

"अप्पाडा!" हरिणीने सुटकेचा श्वास टाकला आणि सरळ भुतिणीच्या खाली जाऊन उभी राहिली.

"अगं, पळ! पळ ना!" कुशल ओरडला.

"कशाला? इथेच सेफ आहे. बाकीच्या घरात काय असेल कुणास ठाऊक!"

भुतिणीने तिचा चट्टामट्टा केला. हरिणी हेडफोन काढून तणतणली, "अंकल, बग आहे! तिरुष्टि घरच्याच माणसांना कशी खाईल?"

दुसऱ्याने तोच बग सांगितला. तिसऱ्याने तोच. एका गृहस्थाने बंगल्याची बावीस दारं एकेक करून तपासली आणि "एवढ्या घराला एकच लावलीय, पुरणार कशी?" अशी तक्रार केली! संध्याकाळपर्यंत साठ जणांनी एकमताने निर्णय दिला: भूत उत्तम आहे, फक्त चुकून मालकालाच मारतं. जाताना प्रत्येकाने पोस्टर मागितलं.

मामी डब्यात दहीभात घेऊन आल्या होत्या. कुशलचा चेहरा बघून त्या चकित झाल्या. "तुला ठाऊक नव्हतें कां? मीं सांगितलें नाहीं, अस्क्यांच्या घरीं होणें म्हणून?"

मुदत संपली तेव्हा बटण त्र्याण्णववर होतं. देविकाने त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी कुशल जुन्या ऑफिसात हजर झाला. मॅनेजर हरिप्रसाद लिफ्टपाशीच उभे होते. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पाणावलेले.

"काय सांगू तुला! दर आठवड्याला दोन माणसं सोडून जात होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, टीमला दृष्ट लागलीय. दोन आठवड्यांपूर्वी ही आणून लावली." त्यांनी काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. "तेव्हापासून एकही राजीनामा नाही! आता तर सोडून गेलेलेही परत यायला लागले. पहिला तू! एकदा आत आला की माणूस हलत नाही बघ, रिटायर होईपर्यंत!"

कुशलने मान वर केली. चौकटीवरून ती वाकून त्याच्याकडेच बघत होती. आणि खरं सांगायचं, तर तिला बघून टरकलेला तो आजवरचा पहिला माणूस होता.