सलग ठेवायचं नाही

वणीच्या सहलीला गायधनींनी आमच्या सोसायटीतला एकही संसार अखंड ठेवला नाही. दोन जीप होत्या. प्रत्येक घरातला नवरा एकीत, बायको दुसरीत.

"एक जीप बंद पडली तरी निम्मं घर देवीपर्यंत पोचेल, वहिनी," ते म्हणाले.

जीप बंद पडलीच. अर्थातच माझी. दिंडोरीच्या पुढे मी दिवसभर द्राक्षाच्या बागा मोजत बसले. संध्याकाळी आमचे हे कपाळाला कुंकू लावून परत आले आणि म्हणाले, "तुझ्या वाटचाही नमस्कार केला हो." ह्यांचा आणि गायधनींचा, दोघांचाही इतका संताप आला की विचारू नका.

गंगापूर रोडवर गायधनींचं दार आमच्या समोर. टीव्ही प्रक्षेपणाच्या खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ. घरात तूरडाळ चार डब्यांत, डबे चार खोल्यांत. एकदा वरण करायला त्यांच्या बायकोला, मालतीताईंना, पलंगाखाली शिरताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं की एकच उत्तर: "सलग ठेवायचं नाही!"

कारणही ऐकावं लागे. टीव्हीचं चित्र म्हणे शून्य आणि एक अशा खुणांच्या रांगेतून येतं. वीज कडाडली की त्या रांगेतला सलग तुकडा जातो. म्हणून पाठवण्याआधीच रांग मोडून खुणा ठरावीक रीतीने विस्कटायच्या आणि घराघरांत पुन्हा नीट लावून घ्यायच्या. "मग भोक एका जागी राहत नाही, वहिनी. इथे एक खूण गेली, तिथे एक. तेवढी शेजारच्या खुणांवरून भरून काढता येते. सलग गेलं की मात्र संपलं." माझी भाजी करपत असे, पण गायधनींचं विस्कटणं काही आवरत नसे.

त्या काळी मी साठीची कोवळी पोर होते आणि महिला मंडळाची अध्यक्ष. खुर्चीबरोबर अक्कलही मिळते असा माझा ठाम समज. स्पर्धेसाठी आम्ही गोदावरीचं स्तवन बसवत होतो. आठ बायका, आठ कडवी, प्रत्येकीला एक सबंध कडवं. तिसरं माझं, त्यातली तान तर खासच माझी.

आठव्या होत्या मालतीताई. मेंदूच्या आजारातून उठलेल्या. मधेच पाच-पाच मिनिटं कुठेतरी हरवायच्या, मग आपोआप परत यायच्या. मी त्यांचं नाव खोडलं. हो, मीच. "स्पर्धा आहे, दवाखाना नाही," असंही म्हणाले. आज ती अध्यक्षबाई मला भेटली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन.

गायधनी तालमीला आले. आवाज खाली. "तिला घ्या, वहिनी. मंडळाच्या दिवशी ती सकाळपासून कपाटातली साडी काढून बसते. ओळींची वाटणी मी करून देतो."

आणि केली! कोणालाही सबंध कडवं नाही. प्रत्येक कडव्यातली एकेक ओळ एकेकीला. शिवाय उजवीकडच्या बाईच्याही ओळी पाठ करायच्या. माझी तान तीन बायकांत फुटली. सायखेड्याच्या लीलाबाईसुद्धा चिडल्या, "आवो दादा, असं तुकडं तुकडं माझ्या ध्यानात राहत नाय!" मी पाय आपटले. पण मालतीताई समोरच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी गायधनींनी त्यांना माझ्या उजवीकडे उभं केलं. मी मनातल्या मनात धुमसतच गात होते. चौथ्या कडव्यात माझी ओळ संपली आणि पुढे शांतता. मालतीताई समोर बघत होत्या, पण तिथे नव्हत्या. मी दातओठ खात त्यांची ओळ म्हणून टाकली. पाचव्यातही. सहाव्यातही. सातव्यात त्या परत आल्या आणि आपली ओळ इतकी गोड म्हणाल्या की मीच दचकले. खाली कोणाला काही कळलं नाही. पूर्वीची वाटणी असती आणि त्यांच्या कडव्याला असं झालं असतं, तर सबंध कडवंभर ती बाई शेकडो डोळ्यांसमोर मुकी उभी राहिली असती.

तरी माझा राग जाईना. कार्यक्रम संपल्यावर गायधनी बायकोशेजारी बसून तिच्या केसांतल्या पिना काढत होते. मी गाठलं. "मुद्दाम माझ्या शेजारी उभं केलंत ना? तीन कडवी दोघींचं मी एकटीनं ओढलं!"

"तुमचं पाठांतर सगळ्यात पक्कं, वहिनी," ते म्हणाले. पिना तळहातावर ठेवल्या. "घरी तिच्या शेजारी मी एकटाच असतो हो. ती हरवली की सगळ्या ओळी मलाच भराव्या लागतात. आणि तिच्या सगळ्या ओळी मला कुठे येतात?"

भांडणाची पुढची तीन वाक्यं माझ्याकडे तयार होती. ती गिळली आणि मालतीताईंच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसले.