एका कडव्यात एक खिसा

टेलरमास्तरांच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. काम गाण्यांवर चाले. एका कडव्यात एक खिसा, एका गाण्यात एक बाही, आणि कॅसेटची बाजू संपली की चहा. कॅसेट एकच, गाणारी बाईही एकच. आवाज कसा भारदस्त, खर्जातला. घाई म्हणून ठाऊक नाही. पंचवीस वर्षं मास्तरांचा पाय मशीनच्या पॅडलवर त्या बाईंच्या चालीनं चालत आला होता.

हीच गाणी बाहेर कुठे रेडिओवर लागली की मास्तर नाक मुरडत. "कुठल्या पोरीनं नक्कल केलीय बघ. गाडी चुकायची असल्यासारखी गातेय!" लेकीचंही तेच. पाळण्यापासून हेच कानावर पडलेलं, त्यामुळे स्वतःच्या लग्नात तिनं बँडवाल्यांना तीनदा थांबवून "अहो, जरा हळू" म्हणून बजावलं होतं. वऱ्हाड जेवून उठलं तरी त्यांचं पहिलंच गाणं चाललेलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जावईबापू दोन दिवस मुक्कामाला आले. माणूस लाख मोलाचा, पण हात गप्प बसायचे नाहीत. मास्तर बटणं आणायला बाजारात गेले, तेवढ्यात ह्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून फळीवरचा टेपरेकॉर्डर उघडला.

"सासूबाई, हे बघा काय निघालं! कॅसेट फिरवणाऱ्या पट्ट्याच्या जागी चड्डीचं इलॅस्टिक! कोणी घातलं हो हे?"

सासूबाई कोपऱ्यात कोटाची काजं करत बसल्या होत्या. "काय की बाई," म्हणाल्या आणि त्यांच्या बोटात सुई टोचली.

जावईबापूंनी ते इलॅस्टिक कात्रीनं कापून काढलं आणि नवा कोरा पट्टा बसवला. "बाबांना सांगू नका हं, गंमत करू." त्यांची पाठ वळताच सासूबाईंनी तो तुकडा उचलून बटणांच्या डब्यात टाकला.

मास्तर परतले. समोरच्या वाचनालयातले ग्रंथपाल पाच वाजता कोट न्यायला येणार होते. उद्या त्यांचा निरोपसमारंभ आणि हा त्यांच्या आयुष्यातला पहिला कोट. उरल्या होत्या फक्त दोन बाह्या. मास्तरांनी टेप लावला आणि पॅडलवर पाय ठेवला.

बाई सुसाट सुटल्या. गाणं संपलं तरी बाही अर्धीच! मास्तरांना घाम फुटला. बाई पुढे आणि आपण मागे, असं पंचवीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यांनी दात-ओठ खाऊन पाय चालवला. मशीन धडधडायला लागलं, फळीवरची कात्री खाली पडली, पण चहाच्या आधी कोट तयार!

"बघितलंत जावईबापू? अजून हात चालतो म्हटलं!"

पाचाच्या ठोक्याला ग्रंथपाल आले. गरीब स्वभावाचा माणूस, आयुष्यभर हळू आवाजात बोललेला. त्यांनी कोट चढवला, आरशात पाहिलं आणि कुजबुजले, "मास्तर, कोट झकास आहे. पण माझे हात मागे का जातायत?"

उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे! ग्रंथपाल आता उडणार की काय, असे उभे होते. "उद्या भाषणाचा कागद पुढे धरायचाय हो," ते काकुळतीनं म्हणाले. "पाठीमागे धरून कसा वाचू?"

"बसा, आत्ता देतो." मास्तरांनी बाह्या उसवल्या. टेप बंद करून बसले, तर पाय हलेना. चालू केला, तर पाय थांबेना. शेवटी त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि हताश होऊन म्हणाले, "संपलं. कान गेले की हात गेले, कळत नाही. रोजच्या बाईंच्या मागे धावता येत नाही मला. उद्यापासून दुकान बंद."

जावईबापूंचा चेहरा पडला. "बाबा, अहो, मी फक्त पट्टा..."

"थांबा. मी सांगते." सासूबाईंनी बटणांचा डबा उपडा केला आणि इलॅस्टिकचा तुकडा मास्तरांच्या हातावर ठेवला. "अहो, तुमचे हात शाबूत आहेत. त्या बाई अशाच गातात. पहिल्यापासून."

"म्हणजे रेडिओवरची ती पोरगी?"

"ह्याच!"

मास्तरांनी मशीनला टेकून घेतलं.

"आपली पोर महिन्याची होती," त्या म्हणाल्या. "पट्टा तुटला आणि तुम्ही कापड आणायला परगावी. गाण्याशिवाय ती डोळा मिटेना. हाताशी इलॅस्टिक होतं, शिवून घातलं. मग ते सैलावत गेलं. रोज इतकं थोडं, की तुमच्या लक्षातच आलं नाही."

"आणि तू अवाक्षर काढलं नाहीस?"

"काय काढू? आधी तुम्ही मान खाली घालून शिवायचात ते दिवेलागणीपर्यंत. माझं बोलणं त्या धडधडीत विरून जायचं. रडू यायचं मला. मग गाणी हळू झाली, तुमचा पाय हळू झाला आणि तुम्ही अधूनमधून मान वर करून बोलायला लागलात. ते मोडायला मी काय खुळी होते?"

मास्तरांनी गळ्यातली मापपट्टी काढून तो तुकडा मापला. "नवं इलॅस्टिक काढ. ह्याच्यापेक्षा दोन सूत जास्त. नवं ताठ असतं."

पहिल्या ट्रायलला बाई म्हशीसारख्या रेकल्या. दुसऱ्या ट्रायलला जरा बऱ्या झाल्या.

"अजून किंचित सैल," खुर्चीतून ग्रंथपाल म्हणाले. सगळे वळून बघायला लागले, तसे ते लाजले. "तीस वर्षं समोर बसतो मास्तर. वाचनालयात शांतता पाळा अशी पाटी आहे, पण तुमच्या बाजूची खिडकी मी कधी लावली नाही."

तिसऱ्या ट्रायलला तो आवाज आला. भारदस्त, खर्जातला, घाई नसलेला. मास्तरांचा पाय आपसूक चालू लागला. पहिल्या गाण्यात उजवी बाही उजवीकडे बसली. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी पाय थांबवला आणि मान वर केली.

"काय म्हणत होतीस?"

"मी? काही नाही."

"मग म्हण ना काहीतरी," मास्तर म्हणाले.