कोपऱ्यातला लाल

मळवलीच्या अंबाजी येवल्यांना रंगातलं फार कळतं, असं खुद्द अंबाजींचं ठाम मत होतं. देहूरोडच्या लष्करी डेपोत, रंगखात्यात, त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्या एकतीस वर्षांत हाताखालून गेलेला रंग बहुतेक हिरवाच होता, पण एवढ्या बारीक तपशिलात ते कधी शिरत नसत.

तर या रंगपारख्याच्या घरी लग्न निघालं. एकुलती एक लेक प्रेरणा. नवरामुलगा वडगावचा, माणसं चांगली. त्यांनी पाठवणीसाठी नवीकोरी पांढरी गाडी देऊ केली. प्रेरणानं साफ नकार दिला. चोवीस वर्षांपूर्वी तळेगावच्या दवाखान्यातून ती ज्या लाल गाडीतून घरी आली, त्याच गाडीतून तिला सासरी जायचं होतं.

"पण आबा, ती लाल पाहिजे हां," ती म्हणाली. "आता नुसती फिकी गुलाबी दिसते."

खोटं नव्हतं. उन्हापावसानं गाडीची कळा रंगपंचमीनंतर चार वेळा धुतलेल्या सदऱ्यासारखी झाली होती. लेकीनं जन्मात केलेला हा एवढाच हट्ट. अंबाजींना भरून आलं.

"तू काळजीच करू नको," ते म्हणाले. "तुला आनली तवा जशी व्हती, तशीच करून देतो."

तळेगावात फकरुद्दीनभाईंचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

"भाऊ, मूळ रंग बघायचा तर याच्या आत. इथं ऊन लागत नाही. हे झाकण काढून देतो, रंगाच्या दुकानात न्या. मशीनवर लावून हुबेहूब शेड बनवून देतील."

इथं अंबाजी दुखावले. एकतीस वर्षं रंगखात्यात काढलेल्या माणसाला मशीन?

"मशीन कशाला? माजे डोळे हायेत की." त्यांनी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळी गाडी विटली होती, पण तिथं वीतभर जागा अजून चांगली गडद होती. "ह्यो बघा कंपनीचा लाल. बाकीचा उडाला, ह्यो टिकला."

"एकच कोपरा कसा टिकेल, भाऊ?"

"तेवडाच मन लावून मारला आसंल."

फकरुद्दीनभाईंनी शेडकार्ड पुढं केलं. गिऱ्हाईक वयानं मोठं. अंबाजींनी शेडकार्डावरची एकेक चौकट त्या कोपऱ्याशी धरली, एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि शेड पक्की केली. रंगही तसाच बनवून आणला.

दोन दिवसांनी ते कामशेतला पाहुण्यांकडे पत्रिका द्यायला गेले असताना फोन आला.

"भाऊ, गाडी थिनरनं पुसायला घेतलीय. तुमच्या त्या कोपऱ्याचा रंग फडक्याला लागतोय."

"जुनी गाडी हाय, लागनारच. तुमी मारा रंग."

"एकदा येऊन बघता का?"

"फकरुद्दीनभाई, लग्नघर हाय माजं. मारा म्हनतो ना."

लग्नाला तीन दिवस उरले आणि गाडी दारात आली. काम झकास होतं, तोंड दिसावं अशी चकाकी होती. फक्त गाडी लाल नव्हती. गुलाबी म्हणावं तर भलतीच गडद, जांभळी म्हणावं तर तेही नाही. अंबाजी तिच्याकडे उन्हात उभे राहून बघत होते, मग सावलीत जाऊन बघत होते. दोन्हीकडून ती तेवढीच वाईट दिसत होती.

त्यांच्या पत्नी लीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. गाडीकडे बघून थबकल्या, आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. चिमूटभर कुंकू त्यांनी गाडीच्या दारापाशी धरलं. कणभराचाही फरक नव्हता.

"आवो, ह्यो रंग कुटनं घेतला तुमी?"

"बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावरनं."

"डाव्या?" लीलाबाईंनी करंडा पायरीवर ठेवला. "आवो, तितं मी दर दसऱ्याला तेलात कुंकू कालवून सातीया काडते!"

 दर रविवारी गाडी पुसताना पूजेचं स्वस्तिक पुसायचं नाही म्हणून तो कोपरा सोडून द्यायचा, हा नेम अंबाजींचाच होता. चोवीस दसरे त्यांनी ते कुंकू जिवापाड जपलं होतं.

फकरुद्दीनभाईंना फोन लावला, तर ते म्हणाले, "तीन दिवसांत सगळी गाडी पुन्हा? वाळायची कधी, भाऊ?" "मी सांगत होतो," असं मात्र ते म्हणाले नाहीत. त्या भल्या माणसाचा तो मोठेपणाच. अंबाजींना रात्रीची भाकरी गेली नाही. लेकीनं एक गोष्ट मागितली होती, आणि तीही आपल्या मिजाशीपायी घालवली.

पाठवणीच्या वेळी झेंडूच्या माळांखाली शक्य तेवढी गाडी झाकली होती. प्रेरणा समोर येऊन उभी राहिली. अंबाजींनी दोन दिवस मनात घोकलेल्या सबबी ऐनवेळी पळून गेल्या.

"पोरी, चुकलं माजं," ते म्हणाले. "तुजी लाल गाडी मीच घालवली."

 प्रेरणानं मागचं दार उघडलं. दाराच्या आतली चौकट फकरुद्दीनभाईंनी रंगवली नव्हती. ऊन न लागलेला तिथला पत्रा पिकल्या टोमॅटोसारखा लालभडक होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"आबा, आतून आहे की तशीच," ती म्हणाली. "दवाखान्यातून आले तेव्हा मी आतच होते ना?"

मग अंबाजी रडले. बरेच रडले. पाहुणे म्हणाले, लेकीचा बाप आहे, व्हायचंच. लीलाबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दसऱ्याला लेक-जावई आले. गाडी धुतली, हार घातला. लीलाबाईंनी नेहमीप्रमाणे तेलात कुंकू कालवलं, डाव्या कोपऱ्यावर सातीया काढला आणि मागं सरून बघितलं. डोळे बारीक केले. पुन्हा जवळ गेल्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "मी काडला ना आत्ता?"

चौघं वाकून बघू लागले. सातीयाचा कुठं मागमूस नव्हता. अंबाजींनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं.

"बगा," ते शेवटी हळूच म्हणाले, "शेड तर बरोबर लागलीय."