कुवेतचा चाँद

दोष गुलाम रसूलचा. फुजैलचा बाप आहे म्हणून नाही. बाप नसता तरी त्याचाच असता.

जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या बेटावर, आता निम्मी घरं आणि निम्मं रिसॉर्ट. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून फुजैल रिसॉर्टात लागला होता. मॅनेजर समीक्षामॅडम म्हणाल्या, "पुण्याच्या जोडप्याचा लग्नाचा वाढदिवस आहे. ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो ना, तिथे टेबल मांड. जमलं तर असिस्टंट मॅनेजर. फसलं तर घरी." घरी बसला की रवानगी जयगडच्या बंदरात, मामाच्या हाताखाली. (मामा बोलतो कमी, थुंकतो जास्त.)

फुजैलने मोबाईलवर पाण्याची वेळ काढली. अब्बांनी ती जागच्या जागी बाद केली.

"खाडी काय मोबायलाला इचारून भरते? चाँदाची आज तीन तारीख. साडेआठाशिवाय पट्ट्यावर पाणी येणार नाय."

"अब्बा, यात पावणेआठ दाखवतंय."

"मी तीस वर्षं जहाजावर होतो. तू कॉलेजात किती होतंस?"

कॉलेज सोडलेल्या माणसाचं घरात चालत नाही. होडीही अब्बांचीच. पाहुण्यांना परत न्यायला ती सव्वाआठला यायची ठरली.

पावणेआठला सूप आलं आणि पाठोपाठ खाडी. आधी बूट भिजले. (पुणेकर काकांना वाटलं, पॅकेजमध्येच आहे.) मग टेबल हललं आणि तळलेली सुरमई आल्या वाटेने परत निघाली.

"अहो, थांबवा हे!" काकू ओरडल्या.

काय थांबवायचं? समुद्र? फुजैलने फोन लावला.

"अब्बा, पाणी गुडघ्याला लागलंय!"

"शक्यच नाय. आज तीन तारीख."

"मशिदीत तर आज दोन आहे!"

"तुमच्याकडं असंल. कुवेतात तीन आहे."

कुवेतच्या जहाजावरची नोकरी संपून नऊ वर्षं झाली, पण अब्बांचा चाँद अजून कुवेतातच दिसतो, इथल्यापेक्षा एक दिवस आधी. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणजे एक दिवस चुकला की पाऊण तास बुडाला, आणि सोबत पुण्याचं जोडपं.

शेवटी अब्बा होडी घेऊन आले. काकूंना अलगद उचलून बसवलं, स्वतःची शाल दिली आणि किनाऱ्यापर्यंत वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. चूक कुणाची, हे त्या गोष्टीत कुठेच नव्हतं.

सकाळी काकू मॅडमना म्हणाल्या, "ते होडीवाले चाचा म्हणजे देवमाणूस! तो पोरगा मात्र नुसता फोन धरून उभा."

फुजैलची नोकरी गेली. ती अब्बांना लागली.